संगणकीय नोंदी आणि आज्ञांची शिस्त

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, जालना मार्गावर वसलेली मुकुंदवाडी हे एकेकाळचे खेडे. आज ते शहराचाच भाग आहे. अशा परिसरात जमिनीची नोंद हा घरोघरीच्या जिव्हाळ्याचा विषय असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार खरेदीची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत होते आणि ती प्रमाणित झाल्यावरच सातबारावर तिचा अंमल दिला जातो. कोणत्या टप्प्यावर काय करावे व काय करू नये, याची अशीच शिस्त संगणकातील माहितीकोशालाही लागते.

माहितीकोशाशी व्यवहार करण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस यांनी 1974 मध्ये मांडली. वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा संच नाव देऊन माहितीकोशातच साठवला, की त्यास स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. मायएसक्यूएल या प्रणालीत ही सोय 2005 मध्ये पाचव्या आवृत्तीने आली.

उदाहरणादाखल, 80 आरांपैकी 20 आर जमीन विकली गेली असे समजू. प्रोसिजर विकणाऱ्याच्या नावावरील क्षेत्र अपडेट आज्ञेने कमी करील आणि घेणाऱ्याचे क्षेत्र इन्सर्टने नोंदवील. पहिली आज्ञा पार पडून दुसरी अडली, तर 20 आर कोणाच्याच नावावर राहणार नाहीत. म्हणून आरंभी स्टार्ट ट्रान्झॅक्शन, शेवटी कमिट आणि चूक आढळल्यास रोलबॅक अशी योजना करावी लागते. केवळ बिगिन लिहून भागत नाही. प्रोसिजरमध्ये त्या शब्दाचा अर्थ आज्ञागटाचा आरंभ एवढाच होतो.

सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट व डिलीट या आज्ञा प्रोसिजरमध्ये चालतात. लॉक टेबल्स, लोड डेटा व युज या आज्ञा मात्र निषिद्ध आहेत. नोंद राखून ठेवायची असल्यास सिलेक्टला फॉर अपडेट जोडावे. फंक्शन व ट्रिगर यांवर बंधने अधिक आहेत: त्यांत कमिट वा रोलबॅक करता येत नाही, तसेच प्रिपेअर व एक्झिक्यूट यांनाही तेथे मज्जाव आहे. ही दोन्ही दुसऱ्याच आज्ञेच्या पोटात चालतात. मूळ व्यवहार पुरा करण्याचा अधिकार त्यांना नसणे योग्यच होय.

एक धोका मात्र सहज ध्यानात येत नाही. नवा तक्ता निर्माण करणारी क्रिएट टेबल आज्ञा प्रोसिजरमध्ये चालते. परंतु ती देताच तोवरचा अपुरा व्यवहार आपोआप कायम होतो आणि नंतरचे रोलबॅक निष्फळ ठरते. तात्पुरत्या तक्त्यास हा नियम लागू नाही.

तात्पर्य, आज्ञा चालते एवढ्यावर समाधान मानू नये. तिचा परिणाम कोठवर पोचतो हेही पाहावे. नोंदीमागे कुणाच्या तरी कष्टाची जमीन असते. संगणकशिक्षण घेणाऱ्या तरुणांनी ही जाण आरंभापासूनच बाळगावी.