अभ्यासपाठ : खुडूक कोंबडी आणि लशीची एक बाटली



कळमनुरी तालुक्यातील आदिवासी वस्त्यांवर कोंबडीची पिल्ले वाटण्यासाठी देणगी द्यावी, अशी इच्छा आपल्यापैकी पुष्कळ जण कळवतात. शहरातल्या एका हौशी कुटुंबाने तर आपल्या घरच्या ऑर्पिंग्टन कोंबड्याच देऊ केल्या. मनापासून दिलेली भेट नाकारणे जिवावर येते. म्हणून भेट देण्याआधी काय पाहावे, हे या पाठात समजून घेऊ. ज्यांना हौसेने कोंबड्या पाळायच्या आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

१. ऑर्पिंग्टन कोठली आणि कशी

इंग्लंडच्या केंट परगण्यात ऑर्पिंग्टन नावाचे गाव होते. तेथे विल्यम कुक यांनी मिनॉर्का, लँगशान आणि प्लिमथ रॉक या तीन जातींच्या संकरातून १८८६ साली काळी ऑर्पिंग्टन तयार केली. अंडीही मिळावीत आणि मांसही मिळावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे १८९४ साली बदामी रंगाची ऑर्पिंग्टन आली आणि तीच जास्त लोकप्रिय झाली.

हा पक्षी अंगाने भारदस्त असतो. कोंबडी तीन-साडेतीन किलोपर्यंत आणि कोंबडा चार किलोच्या पुढे जातो. पिसे दाट व फुगीर, स्वभाव गरीब, अंडी तपकिरी. मुलांनी उचलून घेतले तरी तक्रार नाही. शिवाय ती खुडूक बसते आणि पिल्ले मायेने सांभाळते.

हीच काळी ऑर्पिंग्टन ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या पाळणाऱ्यांनी अंड्यांवर लक्ष ठेवून निवड केली आणि त्यातून ऑस्ट्रालॉर्प ही जात झाली. १९२२-२३ साली तिच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. थोडक्यात, एकाच वंशाची कोंबडी दुसऱ्या देशात, दुसऱ्या गरजेसाठी वेगळी घडवावी लागली.

२. हौसेने पाळायची असेल तर

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दर एक-दोन वर्षांनी कोंबडा बाहेरून आणून बदलावा, नाहीतर नात्यातल्या नात्यात पैदास होऊन पिल्ले अशक्त निघतात. ऑर्पिंग्टनची शेपटाखालची पिसे इतकी दाट असतात की कधी कधी अंडी फळत नाहीत. जाणकार पैदासकार ती पिसे कात्रीने बारीक करतात.

रवणीसाठी सात दिवसांच्या आतली, स्वच्छ आणि मध्यम आकाराची अंडी निवडावीत. टोकदार बाजू खाली करून ती थंड जागी ठेवावीत. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरले की शिरांचे जाळे दिसते. जे स्वच्छ दिसते ते फळलेले नाही, ते काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात बल्बखाली सुमारे ३५ अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडते आहे, असे समजावे.

३. मग वस्तीवर का नको?

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख पसरून अंग निववते. कळमनुरीकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या उन्हात ऑर्पिंग्टनचा पिसारा म्हणजे अंगावर घातलेली गोधडीच. शहरातल्या अंगणात सावली, ओले पोते आणि दिवसातून चार वेळा बदललेले पाणी देता येते. वस्तीवर एप्रिल-मेमध्ये माणसांसाठीच पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल, तर हे कोणी करायचे?

दुसरे असे की वस्तीवरची कोंबडी दिवसभर मोकळी फिरते. सांडलेले दाणे, किडे, वाळवी यांवर आपले पोट भरते. मुंगूस किंवा रानमांजर आले तर कुंपणावर उडते. घारीची सावली पडली की पिल्लांना हाक मारते. जड अंगाच्या आणि गरीब स्वभावाच्या ऑर्पिंग्टनला हे जमत नाही.

४. खुडूक कोंबडीची किंमत

गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. शहरी हिशेबाने हे कमीच. पण ती दहा-बारा अंड्यांवर रवणीला बसते आणि पिल्ले काढते. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, हॅचरीची गाडी लागत नाही. येशूने यरुशलेमेसाठी हळहळताना जी कोंबडी डोळ्यांपुढे आणली, तीही अशीच पंखाखाली पिल्ले घेणारी होती.

याउलट गिरिराजा आणि वनराजा या सुधारित जाती वजनाला व अंड्यांना चांगल्या आहेत. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा खास परसातल्या पालनासाठीच तयार केल्या. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे त्या संपल्या की पुन्हा पिल्ले विकत आणावी लागतात. ज्या घरात मुलाची वही किंवा तापाचे औषध एक कोंबडी विकून येते, तेथे कोंबडी ही घरातली बँक आहे. दर वर्षी बाहेरून पैसे घालावे लागतील तर ती बँक कसली?

मधला मार्ग आहे. गावरान आई ठेवावी आणि सुधारित जातीची फळलेली अंडी तिच्याखाली रवणीला घालावीत. पिल्ले वाढवील ती आणि वजन मिळेल सुधारित. मात्र गावरान कोंबड्यांची वेगळी रवण चालू राहील, इतकी काळजी घ्यावी.

५. आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीवर बाजारातून आणलेली पिल्ले वाटली. टोपल्या उतरल्या, फोटो निघाले, प्रार्थना झाली. पंधरा दिवसांनी पिल्ले माना वाकड्या करू लागली. हिरवी हगवण लागली आणि एकेक मरू लागले. पुन्हा गेलो तेव्हा एक मावशी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचे पिल्लं गेले ते गेले, आमच्या कोंबड्याबी घेऊन गेले.”

तो रोग मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. आपल्या देशात तो १९२७ साली उत्तराखंडातील राणीखेत येथे प्रथम नोंदला गेला, म्हणून हे नाव. विषाणूचा रोग असल्यामुळे तो एकदा शिरला की औषध नाही. लस मात्र आहे. बाहेरून आणलेला पक्षी निरोगी दिसला तरी रोग घेऊन येऊ शकतो. म्हणून नवे पक्षी निदान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात. आम्ही ते केले नव्हते.

लसीकरणाचा क्रम साधा आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी हे इंजेक्शन. देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. आजारी पक्ष्याला लस देऊ नये, आणि पहिल्या वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यातील जाणकार माणूस सोबत असावा.

अडचण निराळीच आहे. लशीची बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. एका घरात सात-आठ कोंबड्या. एकट्या घराने बाटली आणली तर बाकीची ओतून द्यावी लागते, म्हणून कोणीच आणत नाही. परंतु वस्तीतील दहा-बारा घरांनी एकाच पहाटे, पक्षी डालग्यातून सोडण्याआधी, लस टोचायचे ठरवले तर एक बाटली सगळ्यांना पुरते. आणि शेजारच्या घरची कोंबडी सुरक्षित असल्याशिवाय आपली सुरक्षित राहत नाही, हेही त्या पहाटे आपोआप समजते.

६. मिळून केलेले काम

हे नवे नाही. त्रावणकोरातील मार्तंडम येथे, जे आज कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, वायएमसीएचे डॉ. स्पेन्सर हॅच यांनी १९२०च्या दशकात ग्रामसुधारणेचे केंद्र चालवले. तेथे कोंबडीपालन शिकवले जाई आणि गावकरी मिळून अंडी विकत. नुसता पक्षी देऊन ते थांबले नाहीत. शिकवणे आणि विक्री हेही त्यांनी कामातच धरले.

आपल्याकडेही आधार आहे. हिंगोली जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यातच तोंडापूर येथे आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीत आहे. वस्तीवरच्या दोन मुलींनी लस टोचायला शिकून घेतले आणि त्यांना बर्फाची पेटी मिळाली, तर आपले पुष्कळसे काम झाले.

म्हणून विनंती अशी : ऑर्पिंग्टन आपल्या अंगणात आनंदाने पाळा. वस्तीसाठी मात्र पिल्लांच्या आधी लस, बर्फाची पेटी आणि शिकवणारा माणूस द्या. याचा फोटो चांगला निघत नाही. पण उन्हाळा संपल्यावर मावशींच्या दारात कोंबड्या दिसतील.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. वर्षाला १८० अंडी देणारी पण खुडूक न बसणारी कोंबडी आणि ६० अंडी देऊन पिल्ले काढणारी कोंबडी, यांपैकी गरिबाच्या घरी कोणती आधी हवी? का?

२. आपण दिलेल्या एखाद्या भेटीने घेणाऱ्याचे नुकसान झाले आहे का? ते आपल्याला कसे कळले?

३. लशीच्या बाटलीसारखी, एकट्याला न परवडणारी पण मिळून सहज होणारी कोणती गोष्ट आपल्या मंडळीत आहे?