मोठ्या आतड्याचा दाह : औषधाची मात्रा केव्हा व कशी बदलावी?

धार-देवासकडील आपल्या घरांतून 'आव पडते' ही तक्रार काही नवी नाही. चार दिवस ताकभात आणि इसबगोल घेतला, की बहुधा पोट ताळ्यावर येते. परंतु रक्त व आव आठवडेच्या आठवडे पडत राहिली, तर तो साधा मुरडा नसण्याचा संभव असतो. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरास सूज येऊन व्रण पडतात, त्या विकारास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या आतड्यावर उलटते, हे त्याचे मर्म होय.

गोळ्या व स्टिरॉइड यांनी भागत नाही, तेव्हा जैविक औषधे देतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिल्स्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली. तिच्यातूनच पुढे ही औषधे निघाली. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात, अडालिमुमॅब त्वचेखाली टोचतात. दाह वाढविणाऱ्या टीएनएफ या द्रव्यास ती बांधून ठेवतात.

इन्फ्लिक्सिमॅबची नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसास ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यास, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी.

आता समजा, देवासचा एक तरुण वर्षभर बरा होता आणि पुन्हा रक्त पडू लागले. औषध निकामी झाले असे लगेच समजू नये. प्रथम मात्रा वेळेवर झाल्या काय, हे पाहावे. नंतर शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, आणि दाह खरोखरच वाढला आहे ना, याची खात्री करावी. जरूर तर दुर्बिणीने आतडे पाहावे. मग पुढची मात्रा देण्यापूर्वी रक्तातील औषधाचे प्रमाण मोजतात. त्यावरून तीन वाटा निघतात.

पहिली : औषध कमी आहे, पण त्याविरुद्ध प्रतिपिंड झालेले नाहीत. तेव्हा मात्रा किलोस १० मिलिग्रॅमपर्यंत वाढवितात, किंवा अंतर चार आठवड्यांपर्यंत आणतात. खर्च दोन्ही रीतींनी दुप्पटच. दुसरीत इंदूरच्या खेपाही दुप्पट होतात.

दुसरी : औषध कमी आणि प्रतिपिंड पुष्कळ. येथे मात्रा वाढवून सहसा लाभ नाही. औषधच बदलावे लागते.

तिसरी : औषध पुरेसे, तरीही दाह कायम. अशा वेळी वेगळ्या मार्गाने काम करणारे, उदाहरणार्थ व्हेडोलिझुमॅब, हे औषध योजतात.

बरे वाटले किंवा पैसे अपुरे पडले म्हणून मनानेच मात्रा चुकविणे घातक होय. खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंड तयार करू लागते. पुन्हा सुरू करताना तीव्र प्रतिक्रियाही येऊ शकते. अडचण असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगावी.

एक इशारा आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. पं. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे देवासला हवापालटासाठी आले, आणि स्ट्रेप्टोमायसिन या त्या काळच्या नव्या औषधाने बरे होऊन पुन्हा गाऊ लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो क्षय आजही आपल्यांतून गेलेला नाही. शरीरात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना टीएनएफ कोंडून ठेवतो. तोच दाबला की ते मोकळे सुटू शकतात. म्हणून उपचारापूर्वी छातीचा फोटो व क्षयाची चाचणी चुकवू नये. पुढेही ताप, खोकला वा वजनात घट दिसली, तर पुढच्या मात्रेपूर्वीच डॉक्टरांस कळवावे.

घरच्यांनी एका वहीत प्रत्येक मात्रेची तारीख, रुग्णाचे वजन आणि दिवसातून किती वेळा शौचास जावे लागते, हे लिहून ठेवावे. मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा; परंतु त्या निर्णयास लागणारी माहिती घरातूनच मिळते.