पेटीचा सूर लावायला शिकू या



पापड, शिलाई, शेळीपालन हे आपण करतोच. आज जरा वेगळं काम बघू. तुमच्या गावच्या देवळातली भजनाची पेटी आठवा. एखादी पट्टी मुकी, एखादी बेसूर, भाता फुसफुसतोय, असं आहे का? सप्ताह तोंडावर आला की ती तालुक्याला न्यायची धावपळ होते. हे काम गावातच झालं तर?

शहरात पियानोचे सूर लावणारे कारागीर असतात. पियानोला ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा. आपल्याकडे पियानो नाही, पण पेटी गावोगाव आहे. पेटीसुद्धा मूळची युरोपातलीच. हाताने भाता मारून, मांडी घालून वाजवता येईल अशी ती कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी केली.

आत काय असतं?

पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि भात्यातली हवा रीडमधून जाते. रीड म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्यावर एका टोकाला पक्की बसवलेली पातळ जीभ. जीभ थरथरली की सूर निघतो. लांब जीभ खर्जाची, आखूड जीभ तारसप्तकाची. तीन सप्तकांच्या पेटीत ३७ पट्ट्या असतात. खर्ज आणि नर अशा दोन ओळी असतील तर रीड होतात ७४.

आधी रोग ओळखा

१. सूर अजिबात निघत नाही: बहुतेक वेळा जिभेखाली कचरा अडकलेला असतो. पातळ कागद हळूच फिरवून काढा.
२. पट्टी दाबली की वर येत नाही: पावसाळ्यात लाकूड फुगतं किंवा स्प्रिंग सुटते.
३. पट्टी न दाबताच सूर वाजतो: पट्टीखालचं चामडं किंवा बनात कसरीने, उंदराने खाल्लेलं असतं.
४. भाता लगेच बसतो: घडीच्या कोपऱ्यात चीर असते. तिथे पातळ चामडं चिकटवा.

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. कानस नंतर.

सूर कसा लावायचा?

मोबाईलवर सूर मोजायचं फुकट ॲप मिळतं. त्यात पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० वेळा थरथरते. खालच्या सप्तकात २२०, वरच्या ८८०. दर सप्तकाला दुप्पट.

आधी सगळ्या पट्ट्या वाजवून कोणती चढली, कोणती उतरली ते वहीत लिहा. जुनी पेटी सगळीच सारखी चढी असेल तर तिला तशीच राहू द्या. एकट्या पडलेल्या सुरांनाच हात लावा.

नियम एकच, पण पाठ करा. जिभेच्या टोकाकडे घासलं की टोक हलकं होतं, सूर चढतो. मुळाकडे घासलं की जीभ लवचीक होते, सूर उतरतो. जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवायची, बारीक कानशीने दोनतीनदाच घासायचं, रीड थंड होऊ द्यायची, पेटीत बसवून ऐकायचं, मग पुढे.

ॲप सुरुवातीपुरतं. कानही तयार करा. दोन सूर जवळजवळ सारखे असले की आवाज लाटांसारखा वरखाली होतो. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन लाटा. लाटा संथ होत होत थांबल्या की सूर मिळाला.

माझी चूक सांगते. शिकताना पहिल्याच पेटीत मी घाईने मुळाशी जास्त घासलं आणि जीभ तुटली. पेटी दुसऱ्याच्या गावची होती. रीड पदरचे पैसे घालून बदलून दिली. घासलेलं पितळ परत येत नाही, बायांनो. म्हणून पहिले काही महिने भंगारातल्या पेटीवरच हात बसवा, आणि एखाद्या जाणत्या कारागिराकडे बसून शिका.

हिशेब

सुरुवातीला मोठं कर्ज काढू नका. बारीक कानस, पेचकस, चिमटा, ब्रश, चामड्याचे तुकडे, डिंक एवढ्यावर भागतं. गटाचं लहानसं अंतर्गत कर्ज पुरे. दर ठरवताना सामान, एसटीचं भाडं आणि लागलेल्या दिवसांची मजुरी धरा. मजुरी तुमच्या गावच्या रोजापेक्षा कमी धरू नका. "बसूनच तर केलंस" असं म्हणणारे भेटतील. वही दाखवा.

काम बारमाही सारखं नसतं. श्रावण, गणपती, नवरात्र, कार्तिक यांच्या आधी गर्दी, एरवी शांत. म्हणून हे जोडधंदा म्हणून धरा. "बाईला जमेल का?" असंही विचारतील. बोलत बसू नका. पेटी पुढे ठेवा आणि वाजवून दाखवा.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या आणि शेजारच्या पाच गावांत किती पेट्या आहेत, त्यातल्या किती बंद आहेत ते विचारून या.
२. जिभेच्या टोकाकडे घासलं तर काय होतं? न बघता सांगा.
३. आपल्या गटात सुराचा कान कुणाला आहे? बहुतेक ती भजनात मागे बसून गाणारीच असेल. तिला पुढे बोलवा.