चंद्रपतंगाच्या शोधात

फुलपाखरू आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याचा रात्री उडणारा भाऊबंद म्हणजे पतंग. त्यातलाच एक चंद्रपतंग. रंग फिकट पोपटी, पंखांचा विस्तार 10 ते 12 सेंटीमीटर, मागच्या पंखांना लांब शेपट्या. शास्त्रीय नाव ॲक्टियास सेलेने. सेलेने ही ग्रीकांची चंद्रदेवता. टसर रेशीम देणारा पतंगही याच कुळातला.

हा पतंग पाहायचाच, असे आमच्या निसर्ग मंडळाने ठरवले. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, आम्ही शिक्षकांसह खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या रानात गेलो. अमावास्येची रात्र निवडली, कारण चांदण्यात दिव्याकडे किडे कमी येतात. दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणून बांधली आणि समोर दिवा लावला. भुंगेरे आले, पंख फुटलेली वाळवी आली, लहानमोठे पतंग आले. चंद्रपतंग काही आला नाही. आठवड्याने पुन्हा गेलो. तेव्हाही तेच!

मग सरांनी त्याचा जीवनक्रम समजावून सांगितला. प्रौढ चंद्रपतंगाला अन्न खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या शक्तीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात मादी गंध सोडते आणि नर पिसासारख्या शृंगिकांनी तो हुंगत दुरून येतो. म्हणजे आम्ही आठवडाभराच्या पाहुण्याला शोधत होतो. त्याचे बाकीचे आयुष्य अंडी, अळी आणि कोश या रूपांत जाते.

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही दिवसा गेलो. याची अळी मोईचा पाला खाते. लहानपणी ती तांबूस असते, मोठी झाली की हिरवी होते. मोईची झाडे शोधून आम्ही कुरतडलेली पाने आणि खाली पडलेल्या लेंड्या पाहू लागलो. एका झाडाखालच्या पाचोळ्यात, वाळक्या पानात गुंडाळलेला तपकिरी कोश सापडला. एका टोकाला उघडा, आत रिकामा. आमच्यापैकी एकाने लगेच वहीत लिहिले, ‘चंद्रपतंगाचा कोश सापडला.’ सर म्हणाले, “कशावरून? रेशीम विणणारे पतंग अनेक आहेत.” आम्ही ते वाक्य खोडून लिहिले, ‘मोईच्या झाडाखाली रिकामा कोश. जात निश्चित नाही. चंद्रपतंग दिसला नाही.’

लिहिताना वाईट वाटले. पण खोट्या आनंदापेक्षा खरी नोंद मोलाची. पुढे कुणी तिथे शोध घेतला, तर हीच ओळ उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. उन्हाळ्यात आपण रानातला पाचोळा पेटवतो. त्यात असे कोश असतील, तर आतला जीवही जळतो. निदान मोईखालचा पाचोळा तरी तसाच राहू द्यावा, असे घरी सांगा.

करून पाहा : घराजवळचे एक झाड निवडा. महिनाभर दर रविवारी त्यावरच्या अळ्या, अंडी व कोश यांची तारीख आणि हवामानासह नोंद ठेवा. काही दिसले नाही, तर तेही लिहा.