किल्लारीला पाणी का नाही आलं? (भूकंप आणि समुद्रकिनारा)



आपल्या सोलापूरकडं भूकंप म्हटलं की एकच नाव निघतं, किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. जवळपास १० हजार माणसं गेली. त्यामुळं आपली मुलं घरातूनच एक धडा शिकतात: हादरा बसला की मोकळ्या जागेत जायचं.

पाचवीच्या वर्गात हा पाठ घेताना एका मुलीनं विचारलं, "बाई, किल्लारीला पाणी का नाही आलं?" तिनं टीव्हीवर त्सुनामी पाहिली होती. त्या प्रश्नावरच मी पुढचा तास घेतला.

उत्तर काय?
किल्लारीचा भूकंप जमिनीखाली, समुद्रापासून लांब झाला. हलवायला वर पाणीच नव्हतं. पण समुद्राचा तळ एकदम वर उचलला गेला, तर त्यावरचं सगळं पाणी ढकललं जातं. ही लाट खोल समुद्रात विमानाच्या वेगानं जाते, पण उंचीला कमी असते. किनारा जवळ आला की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते.

हे आपल्याकडं झालंय का?
हो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, आताच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांनी, सकाळी, लाटा मुंबईला पोचल्या. उंची सुमारे २ मीटर. पंधरा जण वाहून गेल्याची नोंद आहे. म्हणजे भूकंप शेकडो किलोमीटर लांब झाला, तरी किनाऱ्यावर माणसं गेली.

वर्गात करून बघा
परातीत पाणी घ्या. एका बाजूला वाळूचा उतार करून त्यावर काड्यापेटीची घरं मांडा. दुसऱ्या बाजूला तळाशी दोरा बांधलेली ताटली ठेवा. आधी पाण्यावर फुंकर मारायला सांगा, फक्त वरवर तरंग उठतील. मग दोरा झटकन ओढा. सगळं पाणी हलून घरांपर्यंत जातं. फरक मुलं स्वतःच सांगतात.

खरी अडचण इथं आहे
सुट्टीत आपण मुलांना अलिबाग, गणपतीपुळ्याला नेतो. तिथं हादरा बसला तर आपलं मूल 'मोकळी जागा' म्हणून कुठं पळेल? वाळूवर! आपला किल्लारीचा धडा तिथं उलटा पडू शकतो. म्हणून एवढं पाठच करून घ्या:

- किनाऱ्यावर जोराचा किंवा बराच वेळ हादरा जाणवला, तर तो थांबताच उंच जागी जायचं.
- समुद्र अचानक मागं सरला तर शिंपले वेचायला थांबायचं नाही, पळायचं.
- पहिली लाट ओसरली म्हणून परत यायचं नाही. पुढची लाट आणखी मोठी असू शकते.
- सरकारी इशारा मिळाला की लगेच ऐकायचं. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेतून २००७ पासून हे इशारे दिले जातात.

२००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनं समुद्राचं फेसाळणं ओळखलं आणि अनेकांचा जीव वाचला. दोनच आठवड्यांपूर्वी ती हे भूगोलाच्या तासाला शिकली होती.

आपलाही तास तसाच असतो. पुढच्या सहलीआधी दहा मिनिटं नक्की काढा.