किचन ओट्याचा सप्लायर कसा निवडायचा? ॲडव्हान्स देण्याआधी तपासायच्या ५ गोष्टी



मॉड्युलर किचन किंवा इंटिरियरची छोटी कामं घ्यायला सुरुवात करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "ग्रॅनाइट कुठून घेऊ? सगळेच म्हणतात आमचाच माल एक नंबर." आजचा धडा त्यावरच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ट्रॉल्या खराब झाल्या तर बदलता येतात. ओटा एकदा बसला की तो काढायचा म्हणजे सिंक, नळ, टाइल्स, सगळंच काढावं लागतं. आणि ओटा तडकला तर ग्राहक सप्लायरला नाही, तुम्हाला फोन करतो. त्याला सप्लायरचं नावही माहीत नसतं. म्हणून सप्लायर निवडताना "तो बोलायला चांगला आहे" एवढ्यावर जाऊ नका. त्याला प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या. चांगला सप्लायर त्याला कधीच वैतागत नाही.

१) त्याला दगड कळतो का?

कडाप्पा, मार्बल, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ यांतला फरक त्यानं तुम्हाला सोप्या भाषेत सांगायला हवा. कडाप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड. तो आणि मार्बल, दोघांनाही लिंबू-चिंचेचं आंबट सोसत नाही, पॉलिश जातं. ग्रॅनाइट उष्णतेला आणि आंबटाला चांगला टिकतो. क्वार्ट्झ कारखान्यात बनतो, त्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन असतं. त्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट त्यावर ठेवली तर डाग पडू शकतो, तडाही जाऊ शकतो. "क्वार्ट्झवर बिनधास्त गरम कुकर ठेवा" असं कोणी म्हणालं, तर तिथेच सावध व्हा.

सॅम्पलचा तुकडा मागून घ्या आणि घरी तीन चाचण्या करा:

- पाण्याचे चार थेंब टाकून १५ मिनिटं थांबा. खाली ओला काळसर डाग दिसला तर दगड पाणी पितो, म्हणजे सीलर लागणार.
- लिंबाची फोड अर्धा तास ठेवा. चमक गेली तर तो ग्रॅनाइट नाही असं समजा.
- काळा ग्रॅनाइट असेल तर पांढऱ्या कापडावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. कापड काळं झालं तर दगडाला रंग चढवलेला आहे.

२) कोटेशन पूर्ण आहे का?

नवीन माणूस इथेच फसतो. तो फक्त चौरस फुटाचा दर विचारतो. समजायला सोपं जावं म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. ओटा १० फूट बाय २ फूट, म्हणजे २० चौरस फूट.

पहिला सप्लायर १८० रुपये दर सांगतो. पण त्याची स्लॅब ३ फूट रुंद आहे आणि तो पूर्ण ३० चौरस फुटांचे पैसे लावतो: ५,४०० रुपये. कडेचं मोल्डिंग ६००, सिंकचं कटिंग ५००, गाडी आणि हमाली १,२००, फिटिंग १,२००. एकूण ८,९००.

दुसरा २४० रुपये दर सांगतो, पण बसलेल्या मापाचेच पैसे घेतो: ४,८००. मोल्डिंग ६००, कटिंग ४००, गाडी-हमाली १,०००, फिटिंग १,२००. एकूण ८,०००.

दर ६० रुपयांनी जास्त, तरी काम ९०० रुपयांनी स्वस्त! म्हणून हा प्रश्न पाठच करा: "माप कुठलं धरणार आणि उरलेली पट्टी कोणाची?" पट्टी तुमची असेल तर ती पुढच्या पट्टीला किंवा स्कर्टिंगला वापरता येते. कोटेशनमध्ये दगडाचं नाव, जाडी, माप धरायची पद्धत, मोल्डिंग, कटिंग, वाहतूक, फिटिंग आणि जीएसटी, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या.

३) बिल पक्कं आहे का?

जीएसटी नंबर १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. सरकारी जीएसटी पोर्टलवर तो टाकला की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे फुकटात दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. कंपोझिशन योजनेतला व्यापारी बिलात वेगळा जीएसटी लावू शकत नाही, तेही बघा. आणि पैसे बिलावरच्या नावाच्या खात्यातच टाका.

"बिल नको असेल तर कमी करतो" ही ऑफर गोड वाटते. पण उद्या माल खराब निघाला तर तो त्याच्याकडूनच घेतला, हे कशावर दाखवणार?

४) गोडाऊन बघितलं का?

मोबाइलवरच्या फोटोवर ऑर्डर देऊ नका. गोडाऊनला जा, सोबत टेप न्या. जाडी एका ठिकाणी नाही, तीन-चार ठिकाणी मोजा. स्लॅबवर पाणी मारून सुकू द्या. सगळीकडे सुकलं आणि एखादी रेघ ओलीच राहिली, तर तिथे बारीक तडा असू शकतो. पसंत केलेल्या स्लॅबवर मार्करनं सही करा, फोटो काढा. लॉट बदलला की शेडही बदलते.

कटिंग कसं चालतं तेही बघा. पाणी सोडून कापतात की धुरळा उडतोय? ही धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि क्वार्ट्झच्या धुळीत तर सिलिकाचं प्रमाण फारच जास्त. ऑस्ट्रेलियानं याच कारणानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली. जो स्वतःच्या कारागिरांना साधा मास्कही देत नाही, तो तुमच्या ग्राहकाची काळजी घेईल का?

५) तुटलं तर कोणाचं?

स्लॅब गाडीत उभी जाणार की आडवी? उभीच जायला हवी. रस्त्यात तुटली तर कोणाची? फिटिंग करताना तडकली तर? सिंकच्या कटिंगचे आतले कोपरे गोल ठेवणार का? चौकोनी कोपऱ्यातून तडा लवकर सुरू होतो. ही उत्तरं ऑर्डरच्या कागदावरच घ्या.

पेमेंटही तीन टप्प्यांत ठेवा: थोडं बुकिंगला, थोडं माल साइटवर आल्यावर, उरलेलं फिटिंग तपासल्यावर. आणि पहिलीच ऑर्डर मोठी देऊ नका. एखादा छोटा ओटा किंवा खिडकीची पट्टी देऊन बघा. तारीख पाळतो का, तक्रार केल्यावर फोन उचलतो का, हे त्यातूनच कळतं.

या आठवड्याचा होमवर्क

तुमच्या गावातले तीन सप्लायर निवडा. तिघांकडून एकाच मापाचं लेखी कोटेशन घ्या आणि वहीत शेजारी शेजारी मांडा. प्रत्येकासमोर या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. ज्याच्या नावासमोर सगळ्यात कमी जागा रिकामी राहील, त्याच्यापासून सुरुवात करा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. तुमचं नाव त्या ओट्यावर कोरलेलं नसतं, पण ग्राहक रोज स्वयंपाक करताना तेच आठवणार आहे.

भेटू पुढच्या धड्यात!