सरकता जिना : फटी, टोके आणि खबरदारी

सार्वजनिक वापराच्या बहुतेक यंत्रांत हलणारा भाग आणि माणूस यांच्यामध्ये दार, झाकण किंवा जाळी असते. लिफ्टचे दार लागल्याखेरीज ती हलत नाही आणि गिरणीतल्या पट्ट्याभोवती कठडा असतो. सरकत्या जिन्यात मात्र चालू यंत्रावरच माणसाने पाऊल ठेवायचे असते, त्यावर उभे राहायचे असते आणि ते न थांबवता त्यावरून उतरायचे असते. जेसी रेनो या अमेरिकी अभियंत्याला १८९२ मध्ये तिरप्या सरकत्या मार्गाचे पेटंट मिळाले आणि १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे तो लोकांच्या करमणुकीसाठी बसवण्यात आला. तेव्हापासून सुरक्षिततेच्या दृष्टीने या रचनेत जे बदल झाले, त्यांचा मोठा भाग हलता भाग आणि स्थिर भाग यांमधली फट कशी कमी करावी, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

मुंबईची उपनगरी स्थानके, मुंबई, पुणे व नागपूर येथील मेट्रो आणि लहानमोठ्या शहरांतले मॉल यांमुळे महाराष्ट्रातही हा जिना आता रोजच्या वापराचा झाला आहे, आणि त्यावर पाय ठेवणाऱ्यांत साडी नेसलेल्या, सपाता घातलेल्या, दोन्ही हातांत पिशव्या धरलेल्या आणि आयुष्यात प्रथमच असा जिना पाहणाऱ्या व्यक्ती मोठ्या संख्येने असतात. जिन्याशेजारच्या फलकावर काय करू नये याची चित्रे असतात, पण का करू नये हे नसते. कारण न सांगितलेली सूचना गाडी पकडण्याच्या घाईत कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून या विवेचनाचा आरंभ यंत्राच्या रचनेपासून करणे इष्ट आहे.

सरकत्या जिन्याची प्रत्येक पायरी हा चार चाकांचा एक छोटा गाडा असतो. त्यांतली दोन चाके दोन्ही बाजूंच्या साखळ्यांना जोडलेली असतात, उरलेली दोन पायरीच्या दुसऱ्या कडेखाली असतात, आणि या दोन जोड्या वेगवेगळ्या रुळांवरून धावतात; या रुळांमधले अंतर बदलत नेल्यामुळेच चढावर पायऱ्या एकमेकींपासून वरखाली होतात आणि टोकांजवळ एका पातळीत येऊन सपाट होतात. टोकाशी पोचलेली पायरी जमिनीखाली वळते आणि उलटी होऊन परत जाते. हा चढ साधारणतः ३० अंशांचा आणि वेग बहुधा सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर असतो, जो सहज चालीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पायरीची उंची मात्र घरातल्या जिन्यापेक्षा बरीच जास्त असते. युरोपीय मानक ईएन ११५ नुसार ती २४ सेंटिमीटरपर्यंत चालते, तर राहत्या घराची पायरी बहुधा १५ ते १८ सेंटिमीटरची असते. धावत उतरणाऱ्याचा पाय चुकतो तो पुष्कळदा या फरकामुळे, कारण पायाला सवय एका मापाची असते आणि समोर येते ते दुसरेच माप.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना जी उभी, स्थिर पोलादी पट्टी असते तिला स्कर्ट म्हणतात, आणि पायरी व स्कर्ट यांमधली फट हे या यंत्रातले सर्वांत फसवे ठिकाण आहे. उपर्युक्त मानकाप्रमाणे ही फट एका बाजूला ४ मिलिमीटरहून आणि दोन्ही बाजूंची मिळून ७ मिलिमीटरहून अधिक असू नये. एवढ्याशा फटीत पाऊल कसे जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आत जाते ते अखंड पाऊल नव्हे, तर स्कर्टला घासून चिकटलेली मऊ वस्तू, जी घर्षणाने आधी ताणली जाते, मग पातळ होते आणि त्यानंतर ओढली जाते. मऊ फोमच्या किंवा रबराच्या सँडल याच कारणाने धोक्याच्या ठरल्या असून जपानमध्ये लहान मुलांच्या अशा पादत्राणांचे अपघात वाढल्यावर २००८ पर्यंत तेथील शासनाला त्यात लक्ष घालावे लागले. आधुनिक जिन्यांवर स्कर्टच्या कडेने ताठ केसांच्या ब्रशची ओळ बसवलेली असते, आणि भारतात तिला साडी गार्ड असेही म्हटले जाते. अनेक प्रवासी तिचा उपयोग बूट पुसण्यासाठी करतात, तेव्हा ज्या कडेपासून पाऊल दूर राहावे म्हणून ती बसवली, त्याच कडेला पाऊल नेऊन टेकवले जाते.

प्रस्तुत लेखिकेने एका उपनगरी स्थानकावर हा प्रकार अगदी जवळून अनुभवला आहे. वर जाणाऱ्या जिन्यावर तिच्या सुती ओढणीचे खाली लोंबणारे टोक कडेच्या फटीत शिरले आणि पहिल्या क्षणी ते कोणाच्या तरी पायाखाली आले असावे असेच वाटले, कारण ओढ हळू, पण न थांबणारी होती. ओढणी गळ्याभोवती घट्ट होऊ लागल्यावर मागच्या एका अनोळखी गृहस्थांनी वाटेतले, जिना थांबवणारे तांबडे बटण दाबले. कापड सोडवले तेव्हा त्याचा वीतभर भाग काळ्या ग्रीसने माखून चुण्यांसारखा बारीक दुमडलेला होता, आणि काठ जागोजागी फाटला होता. या अनुभवातून निघणारा उपाय साधा आहे : ओढणी दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन तिची गाठ मारावी, पदर कमरेला खोचावा, निऱ्या जमिनीला टेकत असतील तर एका हाताने किंचित उचलून धराव्यात आणि पाऊल नेहमी पायरीच्या कडांना आखलेल्या पिवळ्या रेघांच्या आत ठेवावे. कापड अडकलेच, तर ते ओढण्यात वेळ न घालवता आधी गळा किंवा खांदा मोकळा करावा आणि बटण दाबण्यासाठी ओरडून सांगावे, कारण माणसाच्या हाताचे बळ त्या मोटारीपुढे टिकत नाही.

दुसरे धोक्याचे स्थान म्हणजे जिन्याची टोके. पायरीच्या पृष्ठभागावर ५ ते ७ मिलिमीटर रुंदीच्या आणि किमान १० मिलिमीटर खोलीच्या खाचा असतात, आणि टोकाच्या स्थिर पट्टीला, जिला तिच्या आकारामुळे कंगवा म्हणतात, असे दात असतात की ते या खाचांमध्ये बसून पायरीवरची प्रत्येक वस्तू वर उचलून बाजूला करतात. काही अडकले तर दात वाकावेत किंवा तुटावेत आणि जिना आपोआप थांबावा, अशी योजना त्यात केलेली असते. म्हणूनच ज्या कंगव्याचे दात आधीच तुटलेले आहेत, त्या जिन्याने जाऊ नये आणि ती गोष्ट स्थानकातल्या कर्मचाऱ्याला आवर्जून सांगावी. पायऱ्या टोकाशी किमान ८० सेंटिमीटर सपाट धावतात, म्हणजे अर्ध्या मीटरच्या वेगाने उतरणाऱ्याला सुमारे दीड सेकंद मिळतो. तेवढ्यात पाऊल उचलून कंगव्याच्या पलीकडे टाकायचे असते, ते घसटत न्यायचे नसते. मोबाइलकडे पाहणाऱ्या व्यक्तीचा हा दीड सेकंद हमखास जातो.

उतरल्यावर तिथेच थांबणे ही तर अधिक गंभीर बाब आहे, कारण पुढे काय झाले हे यंत्राला कळत नाही. एक मीटर रुंदीचा जिना याच वेगाने ताशी कमाल ६,००० माणसे वाहतो असे मानक धरते, याचा अर्थ गर्दीच्या वेळी कोणी टोकाशी दहा सेकंद पिशवी सावरत उभा राहिला, तर त्याच्या पाठीवर सोळा माणसे येऊन धडकू शकतात, आणि त्यांतल्या एकालाही मागे सरता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, ती जागा साध्या जिन्याची होती. पुढची वाट तुंबलेली असताना मागून येणारे पाय थांबले नाहीत, तर काय होते ते तेथे दिसले, आणि सरकत्या जिन्यावर तर हे पाय स्वतःहून थांबूही शकत नाहीत. म्हणून पुढचे टोक भरलेले दिसले, तर जिन्यावर पाऊल ठेवण्याआधीच थांबावे, आणि उतरल्यावर पाचसहा पावले पुढे जाऊन मगच सोबत्याची वाट पाहावी.

प्रवाशाने कितीही काळजी घेतली, तरी काही अपघात केवळ देखभालीतून टळतात, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे, कारण अपघातानंतर दोष प्रवाशाच्या चपलेवर टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात ३१ जण मृत्युमुखी पडले. तेथे पेटती काडी लाकडी जिन्याच्या कडेच्या फटीतून खाली पडली आणि वर्षानुवर्षे साचलेल्या ग्रीसने व धुळीच्या पुंजक्यांनी पेट घेतला. धूम्रपानाला बंदी त्याआधीच झाली होती, पण जिन्याखालची साफसफाई झालेली नव्हती. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशी अहवालानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेतले लाकडी जिने टप्प्याटप्प्याने काढण्यात आले. जुलै २०१५ मध्ये चीनच्या जिंगझोऊ येथील एका दुकानसंकुलात जिन्याच्या वरच्या टोकाचे झाकण पायाखाली निसटले आणि एक आई आपल्या मुलाला पुढे ढकलून स्वतः यंत्रात ओढली गेली. ते झाकण हलत असल्याचे तेथील कर्मचाऱ्यांच्या काही मिनिटे आधीच लक्षात आले होते, आणि तरीही जिना चालू ठेवण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोमच्या रिपब्लिका मेट्रो स्थानकात खाली जाणारा, गर्दीने भरलेला जिना ताबा सुटून वेगाने धावला व वीसहून अधिक लोक जखमी झाले. त्या प्रकरणातही चौकशीचा रोख पुढे देखभालीकडे वळला. या तिन्ही घटनांत अपघातग्रस्तांच्या हाती फारसे काही नव्हते. टोकाचे झाकण डगमगले, पायरी खडखडली किंवा हातपट्टा, म्हणजे धरावयाचा रबरी कठडा, थांबून पायऱ्याच पुढे जाऊ लागल्या, तर तक्रार करणे एवढे प्रवाशाला शक्य असते, आणि तक्रारीनंतर जिना ताबडतोब बंद करणे हे चालवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

हा हातपट्टा वेगळ्या चाकावरून फिरतो आणि पायऱ्यांपेक्षा दोन टक्क्यांपर्यंत वेगाने धावला तरी चालतो. पंधरा मीटर लांबीच्या जिन्यावर त्यामुळे हात पायांच्या तुलनेत तीस सेंटिमीटरपर्यंत पुढे जाऊ शकतो, आणि वृद्ध माणूस नकळत पुढे झुकतो. म्हणून पट्टा घट्ट आवळून न धरता मधूनच हात मागे घ्यावा. वृद्धांसोबत जाणाऱ्याने चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा, त्यांच्या खालच्या पायरीवर उभे राहावे. मूल असल्यास त्याचा हात धरून त्याला पायरीच्या मध्यभागी उभे करावे. ज्यांना पाऊल ठेवण्याचीच भीती वाटते त्यांना ओढून नेऊ नये, त्यांच्यासाठी लिफ्ट शोधावी. बाबागाडी आणि चाकांची मोठी बॅग यांनाही हेच लागू आहे.

बंद पडलेल्या जिन्यावर पहिले पाऊल ठेवताना अनेकांचा तोल जातो, यामागे निव्वळ अनवधान नसते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील रेनल्ड्स आणि ब्रॉन्स्टीन यांनी २००३ मध्ये प्रयोगांतून दाखवले की, पुढचा पृष्ठभाग स्थिर आहे हे ठाऊक असूनही शरीर जुन्या सवयीने पुढे झुकते. त्यात टोकांजवळच्या पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, तेव्हा अशा जिन्यावर धावू नये.

चालू जिन्यावरही चालत जाण्याची रीत आता प्रश्नांकित होत आहे. जपानच्या सैतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून उभे राहण्याचाच नियम केला, आणि महाराष्ट्रातल्या गर्दीच्या स्थानकांवर, जिथे ओव्हरटेक करणाऱ्याच्या पिशवीचा धक्का रोजच कोणाला तरी बसतो, तोच नियम योग्य ठरेल.

तांबडे बटण दोन्ही टोकांशी, बहुधा गुडघ्याच्या उंचीजवळ किंवा हातपट्ट्याच्या वळणाखाली असते, आणि लांब जिन्यावर मध्येही असते. ते दाबण्याआधी 'कठडा धरा' असे मोठ्याने ओरडावे, कारण अर्ध्या मीटरच्या वेगाचा जिना थांबायला वीस सेंटिमीटर ते एक मीटर एवढे अंतर घेतो आणि बेसावध माणूस तेवढ्यात पुढे कोसळतो. जिना थांबल्यावर अडकलेली वस्तू किंवा व्यक्ती पूर्णपणे मोकळी होईपर्यंत तो पुन्हा कोणी चालू करू नये, आणि चालू करण्याची किल्ली ज्यांच्याजवळ असते त्या कर्मचाऱ्यांनी आधी वरपासून खालपर्यंत सर्व पायऱ्या रिकाम्या झाल्याची खात्री करून घ्यावी.